नजर पैसेवारीवर चाललेली मोजणी: मराठवाड्याच्या आठ खासदारांना खुले पत्र

प्रति,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड
येथून लोकसभेवर निवडून गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. आमच्या गावच्या वाचनालयाबाहेर एक फळा आहे. त्यावर लातूरच्या बाजार समितीतले सोयाबीन-तुरीचे भाव असतात, टँकरची वेळ असते, कुणाच्या दशक्रियेची खबर असते. दरवर्षी जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, मी त्या फळ्याचा एक कोपरा मागून घेतो. तिथे नऊ देशांची नावं लिहितो आणि प्रत्येकापुढे त्याच्याकडच्या अण्वस्त्रांचा आकडा मांडतो.

गेल्या वर्षी लिहिलेले आकडे असे होते. रशिया ५,४५९, अमेरिका ५,१७७, चीन ६००, फ्रान्स २९०, ब्रिटन २२५, भारत १८०, पाकिस्तान १७०, इस्रायल ९०, उत्तर कोरिया ५०. बेरीज १२,२४१. स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेचा हा जानेवारी २०२५चा अंदाज आहे. यातली ९,६१४ लष्करांच्या हाताशी आहेत, उरलेली जुनी होऊन मोडीत निघायची वाट बघत पडली आहेत. ३,९१२ प्रत्यक्ष तैनात आहेत, आणि त्यातली साधारण २,१०० क्षेपणास्त्रांवर अशी चढवून ठेवली आहेत की हुकूम आला की काही मिनिटांत सुटतील.

आठवीतली एक मुलगी फळ्यापाशी थांबली. आकडे वाचले आणि म्हणाली, "सर, आपले १८० कुणी मोजले?"

या प्रश्नामुळेच मी हे पत्र लिहायला बसलो. तिला मला सांगावं लागलं की आपल्या सरकारने हा आकडा कधी सांगितलेला नाही. ज्यांनी तो काढला ते लोक स्टॉकहोम आणि वॉशिंग्टनमध्ये बसतात आणि त्यांनी आपला एकही बॉम्ब डोळ्यांनी पाहिलेला नाही. तिचा पुढचा प्रश्न साहजिक होता: मग त्यांना कळलं कसं?

मी तिला पैसेवारी सांगितली. आपल्याला ती समजावून सांगायची गरज नाही. तलाठी आणि गावसमिती शिवारात जाते, आधी नजरेने अंदाज बांधते, मग निवडक रानांत चौकोन आखून पीक कापलं जातं, वजन होतं, आणि त्यावरून अख्ख्या गावाचं पीक ठरतं. प्रत्येक पोतं कुणी मोजत नाही. तरी पैसेवारी पन्नास पैशांच्या वर गेली की खाली आली, यावर गावाचं वर्ष ठरतं. अण्वस्त्रांची मोजणी याच जातीची आहे. फक्त ती नजर पैसेवारीवरच अडकली आहे, कारण आपल्या रानात चौकोन आखू द्यायला कुणीच तयार नाही.

पण नजर तयार असेल तर नुसत्या नजरेलाही पुष्कळ कळतं. अणुभट्टीचं गणित साखर कारखान्याच्या गणिताहून फारसं वेगळं नाही. रोजची गाळप क्षमता, हंगामाचे दिवस आणि उतारा कळला की गोदामाचं कुलूप न उघडता साखर किती झाली ते सांगता येतं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव भट्टीची औष्णिक क्षमता १०० मेगावॅट आहे. अशा भट्टीत एका मेगावॅट-दिवसामागे, म्हणजे एक मेगावॅट उष्णता दिवसभर निघाली की, ढोबळमानाने एक ग्रॅम प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बचा कच्चा माल, तयार होतं. दुरुस्तीचे आणि बंदचे दिवस वजा केले तरी वर्षाला वीस-पंचवीस किलो निघतं. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमध्ये ते सहा किलोच्या आसपास होतं. पुढचा भागाकार त्या मुलीने फळ्यावरच करून दाखवला. आणि कारखाना चालू आहे की बंद, हे जसं आपण धुराड्याकडे बघून सांगतो, तसं पाकिस्तानातल्या खुशाबच्या चार भट्ट्यांचं शीतमनोऱ्यांतल्या वाफेवरून उपग्रहाच्या छायाचित्रांत वाचता येतं.

१९८७पासून 'बुलेटिन ऑफ द ॲटॉमिक सायंटिस्ट्स'मध्ये या मोजणीचं एक सदर चालतं. आज 'फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स' या संस्थेतले हान्स क्रिस्टेन्सन, मॅट कोर्डा आणि त्यांचे मोजके सहकारी ते लिहितात. ते हेर नाहीत. विकत मिळणारी उपग्रहचित्रं, अर्थसंकल्पाची कागदपत्रं, क्षेपणास्त्र चाचणीपूर्वी विमानांना दिलेल्या सूचना, लष्करी संचलनात दिसलेल्या गाड्या, एवढ्यावर त्यांचं काम चालतं. २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांना चीनच्या गान्सू प्रांतात, यूमेनजवळच्या वाळवंटात, ठरावीक अंतरावर खोदकाम आणि त्यावर ताणलेले पांढरे घुमट दिसले. शंभराहून जास्त. आपल्याकडे ज्वारी साठवायला जमिनीत पेव काढत, तशी ती क्षेपणास्त्रांची पेवं होती. महिन्याभरात कोर्डा आणि क्रिस्टेन्सन यांना शिंजियांगमध्ये हामीजवळ तसंच दुसरं रान सापडलं. चीनने यातलं काहीच जाहीर केलं नव्हतं. सप्टेंबर २०२४मध्ये रशियाच्या प्लेसेत्स्क तळावर 'सारमात' या नव्या क्षेपणास्त्राची चाचणी फसली, तेव्हाही मॉस्कोतून शब्द निघाला नाही. उपग्रहाच्या चित्रात मात्र पेवाच्या जागी साठेक मीटर रुंद खड्डा दिसत होता.

मला या माणसांच्या चिकाटीचं कौतुक आहे. पण अवघ्या मानवजातीच्या जिवावरचं हे काम काही मूठभर अभ्यासकांच्या नजरेवर सोडून द्यावं, हे मला पटत नाही. आणि पूर्वी ते तसं सोडलेलंही नव्हतं.

अमेरिका आणि रशिया यांच्यात एप्रिल २०१०मध्ये प्राग इथे 'न्यू स्टार्ट' करार झाला आणि फेब्रुवारी २०११पासून लागू झाला. तैनात अण्वस्त्रं दोघांनीही १,५५०च्या आत ठेवायची, तैनात क्षेपणास्त्रं आणि बॉम्बफेकी विमानं मिळून ७००च्या आत. यात मला सर्वांत मोलाची वाटे ती तपासणीची अट. वर्षाला १८ वेळा एका देशाचे अधिकारी दुसऱ्याच्या तळावर जात आणि यादीत लिहिलंय तेवढंच आहे का ते बघत. एकमेकांचे कट्टर वैरी, पण एकमेकांच्या खळ्यावर जाऊन पोती मोजत होते. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे या भेटी थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. फेब्रुवारी २०२३मध्ये रशियाने करारातला आपला सहभाग स्थगित केला, मग आकड्यांची देवाणघेवाणही बंद पडली. ५ फेब्रुवारी २०२६ला कराराची मुदत संपली. त्या दिवसापर्यंत त्याच्या जागी दुसरा करार उभा राहिला नव्हता. ब्रिटनने तर २०२१मध्येच आपली कमाल मर्यादा २६०पर्यंत वाढवली आणि प्रत्यक्ष साठ्याचा आकडा सांगणं थांबवलं.

म्हणजे नव्याने बांधणी सगळीकडे जोरात आहे आणि नेमकी तेव्हाच मोजणारी माणसं खळ्यावरून परत पाठवली गेली आहेत.

'बांधणी' हा शब्द मी विचार करून वापरतो आहे, कारण पुष्कळांचा समज असतो की हे प्रकरण आता उताराला लागलं. १९८६मध्ये जगात सत्तर हजारांवर अण्वस्त्रं होती, आज बारा हजार आहेत, मग काळजी कसली? वर्गात मीही कित्येक वर्षं असंच सांगत आलो. पण हा आकडा उतरला तो मुख्यतः शीतयुद्धातला जुना माल मोडीत काढल्यामुळे. आता तो मोडण्याचा वेग मंदावला आहे आणि नवं येण्याचा वाढला आहे. चीनचा अंदाज जानेवारी २०२३मध्ये ४१० होता, पुढच्या वर्षी ५००, त्याच्या पुढच्या वर्षी ६००. अमेरिका १९७०पासून तैनात असलेली मिनिटमन-३ क्षेपणास्त्रं काढून 'सेंटिनेल' बसवायला निघाली आहे. त्या एका योजनेचा अंदाजित खर्च ८१ टक्क्यांनी वाढून १४१ अब्ज डॉलरच्या घरात गेला. सोबत नव्या पाणबुड्या, नवी विमानं. २०२५ ते २०३४ या दहा वर्षांत अमेरिकेच्या अण्वस्त्रांवर ९४६ अब्ज डॉलर लागतील असा तिथल्या संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशेब आहे. रुपयांत ही रक्कम ८० लाख कोटींच्या पुढे जाते. भारत सरकारचा २०२५-२६चा संपूर्ण अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा होता.

आता आपल्या घराकडे येतो.

११ मे १९९८ला पोखरणची बातमी आली तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांत मी होतो. मला त्याची लाज वाटत नाही. दोन अण्वस्त्रधारी शेजारी असलेल्या देशाने काय करायला हवं होतं यावर दोन मतं असू शकतात, आणि आपल्या सैन्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी मला देशाच्या विरोधात बसवू नये.

४ जानेवारी २००३ला सरकारने आपलं अण्वस्त्र धोरण एका प्रसिद्धिपत्रकातून सांगितलं: आपण पहिला वार करणार नाही, झाला तर जबर प्रत्युत्तर देऊ. तेव्हाचं चित्र असं होतं की शांततेच्या काळात बॉम्ब एकीकडे आणि क्षेपणास्त्र दुसरीकडे ठेवलेलं असे. बंदूक एका घरी, काडतुसं दुसऱ्या घरी. दोन्ही एकत्र यायला जो वेळ लागे, त्या वेळात माणसांना विचार करता येई, फोन करता येई, खोटी खबर खोटी असल्याचं कळू शके.

त्यानंतर तेवीस वर्षांत काय काय बदललं बघा. अग्नी मालिकेतली नवी क्षेपणास्त्रं आता बंद नळकांड्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, डागायला तयार अवस्थेत ठेवता येतात. अरिहंतनंतर ऑगस्ट २०२४मध्ये अरिघात ही अण्वस्त्रं वाहणारी दुसरी पाणबुडी नौदलात आली. समुद्राखाली फिरणाऱ्या पाणबुडीत बंदूक आणि काडतूस वेगळ्या घरी कसं ठेवणार? ११ मार्च २०२४ला अग्नी-५ची अशी चाचणी झाली की एकाच क्षेपणास्त्रातून अनेक अण्वस्त्रं वेगवेगळ्या लक्ष्यांवर जाऊ शकतात. पाकिस्ताननेही 'अबाबील'ची चाचणी २०१७मध्ये त्याच हेतूने केली होती. भारत शांततेच्या काळातही काही अण्वस्त्रं क्षेपणास्त्रांवर चढवून ठेवण्याकडे सरकत असावा, असं 'सिप्री'ने आपल्या अहवालात म्हटलं आहे.

यात तंत्रज्ञानाचं यश आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण एका क्षेपणास्त्रात चार-पाच अण्वस्त्रं असली की समोरच्याला ते जमिनीवर असतानाच उडवावंसं वाटतं, आणि आपल्याला ते उडवलं जाण्याआधी सोडावंसं वाटतं. विचार करायचा वेळ दोन्हीकडून कमी होतो. आधुनिकीकरणाची खरी किंमत मला या हरवलेल्या मिनिटांत दिसते, रुपयांचा हिशेब त्यानंतरचा. धोरणाचं ते पत्रक २००३चं आणि शस्त्रं २०२६ची. मधल्या काळात या बदलावर लोकसभेत मन लावून केलेली चर्चा माझ्या कानावर आलेली नाही. बॉम्ब किती आणि कुठे हे विचारायचा माझा हेतू नाही. ते गुप्त राहू द्या. बंदूक आणि काडतूस अजून वेगळ्या घरी आहेत का, हा प्रश्न मात्र धोरणाचा आहे आणि धोरण ठरवायला आम्ही आपल्याला निवडून दिलं आहे.

चूक होऊ शकते हे आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. ९ मार्च २०२२ला आपल्याकडून चुकून सुटलेलं एक क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात अण्वस्त्र नव्हतं, कुणी दगावलं नाही. दोन दिवसांनी सरकारने चूक मान्य केली, पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. चूक मान्य करणं मोठेपणाचं होतं. पण ते दोन दिवस मला अजून बोचतात. समोरच्या रडारवर बसलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल?

मे २०२५मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटांवर पाकिस्तानातल्या किराणा हिल्स या टेकड्यांचे व्हिडिओ रात्रंदिवस फिरत होते. तिथल्या अणुसाठ्यावर मारा झाला, किरणोत्सर्ग सुटला, असं लोक खात्रीने सांगत. आपल्या हवाई दलाने तिथे मारा केला नसल्याचं जाहीरपणे सांगितलं, पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झाली नसल्याचं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितलं. तरी आठवडाभर बाया-माणसं मला विचारत होती, सर, वारं इकडे येईल का? खात्रीची माहिती लोकांच्या भाषेत पोचलेली नसली की तिची जागा अशी भरली जाते.

याद्या, मोजणी यांचा मला एवढा ध्यास का, ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून गाव नुकतं झोपलं असताना, किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. दगड-मातीच्या भिंतींवरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. बळी दहा हजारांच्या घरात. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. आम्हा शिक्षकांना याद्या करायला लावलं: घर कुणाचं, आत किती, निघाले किती, उरले किती. पहिले दोन दिवस माझा हात चालेना. मग लक्षात आलं की तंबू, धान्य, पत्रे, पुढे घरकुल, सगळं त्या यादीवर ठरणार आहे. एका कुटुंबातल्या सात जणांत वाचलेलं एक पोर मामाच्या गावी नेलं होतं म्हणून यादीत आलंच नव्हतं. ते नाव मी पेन्सिलीने समासात लिहिलं, नंतर शाईने गिरवलं. ते पोर आज चाळिशीला आलं आहे.

किल्लारीचा आणि अण्वस्त्रांचा आणखी एक संबंध आहे, तो विज्ञानातला. जमिनीखालची अणुचाचणी पकडतात ती भूकंपमापकानेच. भूकंपात खडक एकमेकांवरून सरकतात, स्फोटात जमीन सगळ्या बाजूंनी एकदम बाहेर ढकलली जाते, म्हणून दोन्हींच्या लहरींची अक्षरं वेगळी उमटतात. कर्नाटकात गौरीबिदनूरला आपल्या अणुशास्त्रज्ञांनी १९६५मध्ये भूकंपमापकांची रांग बसवली ती मुळात जगातल्या अणुचाचण्या ऐकण्यासाठीच. ३ सप्टेंबर २०१७ला उत्तर कोरियाने सहावी चाचणी केली. तिची नोंद ६.१ ते ६.३ अशी झाली. किल्लारीचा भूकंप ६.२ ते ६.४ होता. मापकावर जवळजवळ सारखाच आकडा, म्हणून मी तो वर्गात सांगत असे आणि वर्ग गप्प होई, कारण प्रत्येकाच्या घरात त्या आकड्याचा अर्थ माहीत असलेलं कुणीतरी होतं.

१९४५पासून जगात दोन हजारांवर चाचण्या झाल्या. अमेरिकेची शेवटची १९९२मध्ये, चीनची १९९६मध्ये. या शतकात उत्तर कोरियाखेरीज कुणी चाचणी केलेली नाही. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी चाचण्या पुन्हा सुरू करायला सांगितल्याचं जाहीर केलं आणि नेमकी कशाची चाचणी यावर तिथेच खुलासे सुरू झाले. मोठ्यांपैकी एकाने बांध फोडला की बाकीच्यांचं पाणी अडणार नाही. आपल्याकडेही १९९८च्या चाचणीची ताकद किती होती यावर २००९मध्ये जाणकारांतच जाहीर वाद झाला होता. पुन्हा चाचणी करा असा आग्रह धरणारे आपल्यातही उठतील. त्याआधी, १९९८पासून स्वतःहून पाळलेली चाचणीबंदी आपण पाळतच राहू, असं सभागृहात स्पष्ट वदवून घ्या.

आपण म्हणाल, मतदारसंघातले लोक पीकविम्याचं विचारतात, पाण्याचं विचारतात, सोयाबीनच्या भावाचं विचारतात. मी त्याच लोकांतला आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या खेपेचे पाच लाख लिटर बघायला गर्दी लोटली होती. ती आली, कारण पाऊस फक्त आपल्याकडे रुसला होता आणि कृष्णेला पाणी होतं. २०२२मध्ये 'नेचर फूड' या नियतकालिकात अण्वस्त्रयुद्धानंतरच्या शेतीचा एक अभ्यास आला. जळत्या शहरांचा काजळीचा थर वातावरणात वर जाऊन सूर्यप्रकाश अडवतो, थंडी वाढते, पाऊस घटतो आणि अनेक वर्षं पिकं येत नाहीत. भारत-पाकिस्तान युद्धानेही जगभरात दोन अब्जांहून अधिक लोक उपासमारीने मरू शकतात असं त्यातलं गणित सांगतं. काजळी किती वर चढेल यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते असावेत. पण त्यातला थोडासा भाग जरी खरा ठरला, तर पाण्याची रेल्वे कुठल्या मिरजेहून निघेल? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आपल्या सोयाबीन, तूर, ज्वारीवर कमी सूर्यप्रकाशाचा काय परिणाम होईल याचा अभ्यास हाती घ्यावा, अशी शिफारस आपल्यापैकी कुणी केली तर तो शेतकऱ्याचाच प्रश्न मांडल्यासारखं होईल.

आणि आपल्या हातात करण्याजोगं आहे ते यापेक्षा जवळचं आहे. ३१ डिसेंबर १९८८ला भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९२मध्ये ही देवाणघेवाण सुरू झाली आणि १ जानेवारी २०२५ला ती ३४व्यांदा झाली. मध्ये कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, पुलवामा झालं. यादी थांबली नाही. यात बॉम्बचा आकडा नसतो हे खरं, पण वैऱ्याच्या हातात स्वतःच्या अणुकेंद्रांची यादी ठेवणारे देश जगात फार नाहीत. ही गोष्ट आपण लोकांना अभिमानाने सांगायला हवी, आणि गावात कुणाला ती माहीतसुद्धा नाही.

त्याच धाग्यावर पुढचं विणता येईल. ऑक्टोबर २००५च्या करारानुसार बॅलिस्टिक, म्हणजे उंच जाऊन धोंड्यासारखं लक्ष्यावर कोसळणाऱ्या, क्षेपणास्त्राची चाचणी करण्याआधी दोन्ही देश एकमेकांना कळवतात. विमानासारखी कमी उंचीवरून उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं त्या करारात नाहीत, आणि मियाँ चन्नूला पडलेलं त्याच जातीचं होतं. चुकून सुटलेल्याची पूर्वसूचना कुणी देऊ शकत नाही, हे मला कळतं. पण क्रूझ क्षेपणास्त्रं करारात आली आणि चूक झाल्याबरोबर ठरलेल्या फोनवर लगेच कळवायची बांधिलकी दोघांनी लिहून घेतली, तर ते दोन दिवस दोन मिनिटांवर येतील. परराष्ट्रमंत्र्यांना हा प्रश्न तारांकित म्हणून विचारा, म्हणजे उत्तर तोंडी द्यावं लागेल आणि पुरवणी प्रश्न करता येतील. संरक्षणमंत्र्यांना विचारा की २००३च्या धोरणाचा आढावा नव्या शस्त्रांच्या संदर्भात घेतला आहे का, आणि पहिला वार न करण्याचं वचन जसंच्या तसं आहे का. अमेरिका आणि रशियाने तपासणीची पद्धत पुन्हा सुरू करावी असं भारताने जगाच्या व्यासपीठावर म्हणावं, ही मागणी तर कुठल्याही पक्षाला अडचणीची नाही. आपण आठ जण वेगवेगळ्या पक्षांचे आहात. किल्लारीच्या वेळी लोक पक्ष विचारून मदतीला आले नव्हते, म्हणून आठही जणांच्या सह्यांचं एक निवेदन निघू शकतं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न स्वीकारला गेला की त्याचा क्रमांक आणि उत्तराची तारीख वाचनालयाच्या पत्त्यावर कळवावी. येत्या जूनमध्ये मी तो कोपरा पुसून नवे आकडे लिहीन. भारताच्या आकड्यासमोर आपल्या प्रश्नाचा क्रमांक लिहायला जागा ठेवतो आहे. ती मुलगी आता नववीत गेली असेल, पण रोज त्याच वाटेने शाळेत जाते.

आपला विश्वासू,
औसा तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक